चुकलेलं कार्ड ठेवायचं नसतं

रंग जुळला की कार्ड हरवतं, असं त्या गॅरेजात म्हणायची पद्धत होती. खरोखर हरवत नाही, हातातच असतं. पण पोस्टकार्डाएवढा तो रंगवलेला तुकडा गाडीच्या पत्र्याला टेकवला, आणि कार्ड कुठे संपलं न् पत्रा कुठे सुरू झाला हे डोळ्यांना कळेनासं झालं, कड नुसती नखाला लागायला लागली, की समजायचं, जमलं. मग पेंटरकाका रंग फवारायची गन उचलायचे. तोवर नाही.

कार्ड हरवण्याचं हे काम रंगताईकडे होतं. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली ही बाई गेली सहा वर्षं गॅरेजाच्या मागच्या अरुंद खोलीत, रंगांच्या चाळीस डब्यांसमोर, थेंबाचंही वजन दाखवणारा काटा पुढ्यात घेऊन बसत होती. मध्ये बाळंतपणाला पाच महिने काय ती सुट्टी.

"साध्या रंगाचं काय," पेंटरकाका म्हणायचे, "साधा रंग म्हणजे आपला साधा माणूस. समोरून जसा, तसाच बाजूने. मेटॅलिक म्हणजे व्याही! समोरून चकचकीत, जरा वळून बघा, की काळा."

खोटं नव्हतं ते. मेटॅलिकमध्ये धातूचे कण असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि ते रंगात आडवे पडतात की उभे राहतात यावर सगळा खेळ. त्यात एकाच नंबरच्या रंगाचे कारखान्यातूनच तीन-चार अवतार निघतात. वर ऊन, वर धुणाऱ्याचं फडकं. त्यामुळे छापील सूत्रावर कुणी विसंबत नसे. मोजून मिसळायचं, कार्डावर बेस मारायचा, सुकला की वर क्लिअरचा थर द्यायचा, आणि मग उन्हात नेऊन तीन बाजूंनी बघायचं. क्लिअरशिवाय बघण्यात अर्थ नाही. नुसता बेस राखेसारखा दिसतो, मेलेला. वर तो काचेसारखा थर पडला की रंगात जीव येतो, आणि तेव्हाच तो खरा कोण आहे ते सांगतो.

त्या खोलीचा आणखी एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता. चुकलेलं कार्ड त्याच दिवशी थिनरच्या डब्यात बुडवून धुऊन टाकायचं. पेंटरकाका हे चहाचा कप विसळावा इतक्या सहज करत. रंगताईला वाटे, नीटनेटकेपणा. म्हाताऱ्या माणसांच्या असतात एकेक सवयी.

हा नियम तिने मोडला तो लेकीसाठी.

लेक साडेचार वर्षांची. हाताला लागेल ते कुठेतरी दडवून ठेवायची, म्हणून तिला घरात खारू म्हणत. दोन महिन्यांपूर्वी तिला सांभाळणाऱ्या बाई गाव सोडून गेल्या, तेव्हापासून बालवाडी सुटली की खारू गॅरेजात यायची आणि चारपर्यंत पुढच्या काचेच्या केबिनमध्ये बसायची. रंगाचा वास आत जाऊ नये म्हणून रंगताईने केबिनच्या दाराच्या फटींना मास्किंग टेप लावली होती. तरी दर दोन मिनिटांनी तिची मान वर व्हायची. काचेपलीकडे मूल आहे ना? आहे. हलतंय ना? हलतंय. श्वास घेताना दिसतंय ना?

"अगं, पोर आहे ती, दूध नाही," पत्रा ठोकून सरळ करणारे डेंटरमामा म्हणायचे. "उतू नाही जायची."

दूध परवडलं, ते निदान आवाज करतं, असं तिच्या मनात यायचं, पण ती हसून सोडून द्यायची.

तर खारूला खेळायला काहीतरी हवं होतं, आणि चुकलेली कार्डं छान चमकत होती. दोन दिवस खिडकीत वाळवून, वास गेला की नाही हे स्वतःच्या नाकाने बघून, रंगताईने पहिलं कार्ड तिला दिलं. ते चुकलं होतं मात्र विचित्रच. एका चंदेरी गाडीसाठी मिसळलेला रंग. वजनं बरोबर, काट्याची चिठ्ठी बरोबर, कपातला रंग चंदेरी, कार्डावरचा बेसही चंदेरी. क्लिअर मारलं, आणि डोळ्यांदेखत तो खालून तपकिरी होत गेला, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा. तिने गन तपासली, क्लिअरचा डबा तपासला. दुसरं कार्ड मारलं, ते मुकाट्याने चंदेरी आलं.

"लक्ष काचेकडे असलं की असंच व्हायचं," पेंटरकाका म्हणाले.

पटण्यासारखं होतं. तिने कार्डामागे तारीख लिहिली, सवय म्हणून, आणि ते खारूच्या हवाली केलं.

रंग मारल्यापासून चौथ्या दिवशी टोइंगच्या गाडीला लटकून एक तांबूस तपकिरी मोटार आली. नाकाड चेपलेलं, एक दिवा बाहेर लोंबकळत. खारू केबिनमधून धावत बाहेर आली आणि ओरडली, "आई, ही माझ्याकडे आहे!" तिने कार्ड बॉनेटवर ठेवलं. कार्ड हरवलं.

सगळे हसले. आयता रंग मिळाला म्हणून पेंटरकाकांनी खारूच्या डोक्यावर टपली मारली. हसले, पण त्यांनी कार्ड उलटून तारीख बघितली आणि मग बराच वेळ नाक पुसत बसले.

दुसरं कार्ड पांढऱ्याचं गडद हिरवं झालं. सहाव्या दिवशी हिरवी गाडी आली. मालकाचा उजवा हात गळ्यात बांधलेला. कागदावर त्याने डाव्या हाताने सही केली, पहिलीतल्या मुलासारखी.

तिसरं लाल. पाचव्या दिवशी लाल गाडी आली. मालक आला नाही. त्याचा भाऊ आला, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "नीट करून द्या फक्त. विकायचीच आहे." मागच्या सीटखाली डेंटरमामांना केसांची एक पिवळी क्लिप सापडली, फुलपाखराची. मामा एरवी गप्प न बसणारा माणूस. त्यांनी ती क्लिप फडक्याने पुसली, कागदात गुंडाळली आणि त्या भावाच्या हातात न देता त्याच्या खिशात ठेवली.

त्या दिवशी खारू काचेला कार्ड लावून नाचत होती, "आली, आली, लाल आली!" आणि रंगताईने आत जाऊन तिच्या हातातून ते जवळजवळ हिसकावूनच घेतलं. खारू रडली. मग परत द्यावं लागलं.

योगायोग, तिने स्वतःला सांगितलं. शहरात तपकिरी, हिरव्या, लाल गाड्या रगड आहेत. त्यांतल्या काही ठोकल्या जाणारच, आणि हे गॅरेज आहे, देऊळ नाही. इथे ठोकलेल्याच येणार. शिकलेली बाई होती ती. पण शिकलेल्या माणसाचं एक असतं, एकदा मोजायला लागला की थांबता येत नाही. चार दिवस, सहा दिवस, पाच दिवस.

चौथं कार्ड एका सोमवारी चुकलं. मोतिया रंगाचं काम होतं. क्लिअर पडताच खालून निळसर करडा वर आला, धुक्यातल्या तळ्यासारखा. तिने ते थिनरच्या डब्यापर्यंत नेलं होतं. पण काचेपलीकडे दोन्ही तळवे चिकटवून खारू उभी होती. तीन कार्डं तिच्याकडे होती, चौथंही आपलंच असं तिने धरलेलं.

बुधवारी दुपारी वाळलेलं कार्ड तिच्या हातात पडलं. तिने ते एकदा सरळ धरलं, एकदा तिरकं, आईचं बघून बघून शिकलेली, आणि म्हणाली,

"ही तर आपली."

"आपली गाडी जास्त निळी आहे, सोन्या."

"मी बसते तिथे नाहीये निळी."

रंगताईने कार्ड तिच्या हातून घेतलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. चारपर्यंत तिने आणखी दोन कामं उरकली आणि दोन्हींत पहिल्याच फटक्याला रंग जुळला.

गुरुवारी सकाळी, नवरा दाढी करत असताना, ती कार्ड घेऊन खाली गेली. गाडी त्यांनी जुनी घेतलेली. इमारतीच्या कडेला, उजवी बाजू भिंतीला लावून उभी असायची. डावी बाजू वर्षानुवर्षं दुपारचं ऊन खात होती. तिने बॉनेटपासून सुरुवात केली. नाही, बॉनेट गडद. पुढचं दार, जवळपास. कड अजून दिसते. मग मागचं डावं दार. हँडलच्या खाली, जिथे आतल्या बाजूला खारूची बेबी सीट बांधलेली असते, तिथे तिने कार्ड टेकवलं.

कार्ड हरवलं.

ती डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, गुडघ्यांवर बसून खालून वर बघितलं. सहा वर्षांत इतका सुरेख रंग तिने कधी जुळवला नव्हता. तिच्या बोटांमध्ये काहीच नव्हतं, नुसता दाराचा पत्रा. नखाने कड शोधून ती उचलायला गेली, तेव्हा क्षणभर कार्डाने पत्रा सोडला नाही.

वर येऊन तिने गाडीची किल्ली आपल्या जुन्या बुटात टाकली. "क्लचचा आवाज येतोय," ती नवऱ्याला म्हणाली. "आज बसने जाऊ."

"मला नाही आला."

"तुला कुकरच्या शिट्टीचा तरी येतो का?"

तो हसला आणि बसने गेला. तिसरा दिवस तसा निभावला. पण संध्याकाळी भांडी घासताना तिला राहवलं नाही, तिने सगळं सांगितलं. तो ताटं पुसत ऐकत होता.

"म्हणजे आपल्या गाडीला अपघात होणार. कारण खारू खेळता खेळता म्हणाली."

"ती नुसतं म्हणाली. मी जुळवून बघितलं."

"अगं, तुझं पोटच रंग जुळवण्यावर आहे. तुला विजेचा खांबही जुळेल."

"तीनदा झालंय."

"बरं. आणि कार्ड चुकलं, पण गाडी आली नाही, असं किती वेळा? ती मोजलीस? का नेमकी तेवढी सोडलीस?"

प्रश्न बरोबर होता. कॉलेजात तिनेही हाच विचारला असता. तिने नळ बंद केला.

"चारच ठेवली आहेत. तीन आल्या."

त्याने ताट जागेवर ठेवलं. मग तिच्या ओल्या हातांवर आपला हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "तुझी झोप होत नाहीये. तिला ताप आला तेव्हा तू तिच्या उशाशी बसून श्वास मोजत होतीस, आठवतं? कितीपर्यंत गेली होतीस?"

"ते वेगळं."

"तसंच आहे हे. आपण गाडी विकून टाकू का? विकू हवी तर. पण बुटात किल्ली ठेवायची नाही."

"तुला कसं कळलं?"

"खारूने आणून दिली मघाशी. तिचं बीळ आणि तुझं बीळ एकच आहे."

हसू आलं दोघांनाही. तो झोपला. ती पडून राहिली आणि काट्यावर मोजावं तसं एकेक गोष्ट मोजत गेली. गाडी विकली, तर दुसऱ्या कुणाचं मूल त्या सीटवर बसेल. चालवली नाही, तर उभ्या गाडीवरही काही येऊन आदळू शकतं, आणि कधी, ते कुणी सांगावं. मग तिच्या लक्षात आलं, कार्डाला फार काही माहीत नाही. कार्डाला एवढंच माहीत आहे, की हा इथला पत्रा रंगायला येणार. कसा खराब होऊन येणार, ते कार्डावर कुठे आहे?

आणि ही गोष्ट तिला अचानक सुचली असंही नाही. त्याच दुपारी तिने डेंटरमामांकडून हातोडी मागून आणली होती.

"खिळा ठोकायचाय घरी," ती म्हणाली होती.

"ही खिळ्याची नाही गं, पत्र्याची आहे. खिळ्याला लावशील तर तोंड फुटेल तिचं." मामांनी पेटीत हात घालून एक बुटकी हातोडी काढली होती. "ही ने. हिचा टवका आधीच उडालाय. आणखी बिघडायचं काही नाही हिचं."

शुक्रवार, चौथा दिवस. बसला उशीर, बाहेर ऊन चढलेलं. नवऱ्याने किल्ली बोटात फिरवली आणि म्हणाला, "आज मी सोडतो तिला. वाद नको." आणि ती दप्तर शोधेपर्यंत तो खाली पोचलासुद्धा. तिने गॅलरीतून बघितलं, तो खारूला मागच्या डाव्या सीटवर बसवून पट्टा लावत होता.

ती पर्स उचलून जिन्यावरून अशी उतरली, की दोन वळणं पायांना लागलीच नाहीत.

"थांब! पाण्याची बाटली राहिली."

"हातात आहे तिच्या."

"ही नाही, दुसरी. तू वर जा, ओट्यावर आहे. मी धरते हिला."

आयुष्यभर बायकोच्या बाटल्या, टोप्या, रुमाल आणायला वर गेलेला तो माणूस. तो गेला. तिने पट्टा सोडला, खारूला उचलून दहा पावलांवर, भिंतीच्या सावलीत उभं केलं. "इथून हलायचं नाही. आणि मोज, मी किती वेळा मारते ते."

तिने पर्समधून हातोडी काढली. पहिला घाव बसलाच नाही. हात आपला आपण आखडला. चमच्याने भांडं वाजवावं तेवढा आवाज. "एक!" खारू म्हणाली. दुसऱ्याला हँडलच्या खाली एक खळी पडली, गोड, गालावरच्यासारखी. "दोन!" मग मात्र रंगताईने दोन्ही हातांनी दांडा धरला. तिसऱ्याला क्लिअर फुटलं. माशाच्या खवल्यांसारखे पारदर्शक तुकडे उडाले, एक तिच्या ओठाला लागला. चौथ्याला दार आत गेलं. पाचव्याला आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, आणि तो आवाज पत्र्याचा नव्हता. कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडावा तसा होता.

वरच्या मजल्यावरची शेजारीण कपडे वाळत घालायची थांबली. नवरा जिन्याच्या तोंडाशी उभा होता, हातात रिकामी बाटली.

"पाच," खारू म्हणाली. "आई, झालं?"

"झालं," रंगताई म्हणाली.

नवरा जवळ आला. त्याने दाराकडे बघितलं, मग हातोडीकडे, मग बराच वेळ तिच्याकडे. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने खिशातून रुमाल काढून तिच्या ओठावरचं रक्त टिपलं आणि म्हणाला, "बसने जातो आम्ही. तू गाडी घेऊन ये गॅरेजात. सावकाश."

ती सावकाश गेली. मागची सीट रिकामी होती आणि आरशात ती तिला प्रत्येक वळणावर दिसत होती.

डेंटरमामांनी दाराभोवती एक चक्कर मारली, बोटाने पोचा चाचपला. "काय सांगायचं म्हणतेस? रिक्षा?"

"स्कूटर."

"हं." ते आणखी वाकले. "या स्कूटरला दांडा होता. आणि हा टवक्याचा वण बघ, चंद्राच्या कोरीसारखा. हातोडी माझी आहे, बाई. नवऱ्याशी भांडण झालं का? मग नवऱ्याला मारायचं, दार कशाला? दाराचा खड्डा लांबीने भरावा लागतो."

पेंटरकाका हसले नाहीत. त्यांनी तिच्या एप्रनच्या खिशातून डोकावणारं कार्ड काढून घेतलं, न चेपलेल्या भागावर टेकवलं, आणि लगेच काढलं, चटका बसल्यासारखं. मामा आत गेल्यावर ते हळूच म्हणाले,

"ठेवलं होतंस."

"खारूला खेळायला."

"मी नवा होतो तेव्हा माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं. चुकलेलं कार्ड ठेवायचं नसतं. मी विचारलं, का? तर म्हणाला, ज्याला उत्तर नको त्याने विचारू नये."

"म्हणजे हे आधीपासून होतं. आणि तुम्हाला माहीत होतं."

"मला काहीच माहीत नाही," काका म्हणाले. "म्हणून तर चाळीस वर्षं झोप लागते."

दार सोमवारपर्यंत सरळ झालं. लांबी भरली, घासली, प्रायमर बसला. रंग तिनेच मिसळला. सगळ्यांना बाहेर काढून तिने नवं कार्ड मारलं, बेस सुकू दिला आणि क्लिअरची गन हातात घेऊन उभी राहिली. आता कळणार होतं. हे घाव तिकडे अपघात म्हणून धरले गेले की नाही, ते क्लिअर सांगणार होतं. खालून दुसरा कुठला रंग वर आला तर ती काय करणार होती, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने गन दाबली. ओला थर काचेसारखा पसरला. राखेत जीव आला. निळसर करडा, तोच, त्यांचाच. ती दहा मिनिटं बघत राहिली. तो बदलला नाही.

पेंटरकाकांनी दार रंगवताना रंग पुढच्या दारावर आणि मागच्या पत्र्यावर विरवत नेला, मेटॅलिकमध्ये न्यावाच लागतो. जोडावर थांबलात तर सात जन्म जोड दिसतो. वर अख्ख्या बाजूला एकसंध क्लिअर. बुधवारी गाडी घरी आली. नवरा दारावरून हात फिरवून म्हणाला, "कुठे होतं गं?" तिला दाखवता आलं नाही.

पाचवा दिवस गेला होता, सहावाही. दहावा गेला, पंधरावा गेला. खारू तिच्या सीटवर बसून बालवाडीला जात होती. काही झालं नाही. गल्लीच्या तोंडाशी एकदा एक ट्रक वळला नाही इतकंच, म्हणजे वळणार होता आणि थांबला. घडलंच नाही त्याचा रंग कशाशी जुळवणार? रंगताईला झोप लागू लागली. श्वास मोजायची सवयही सुटल्यासारखी झाली.

एकविसाव्या दिवशी पुन्हा एक कार्ड चुकलं. काळ्या गाडीचं काम. क्लिअर पडलं आणि काळ्यातून फिकट सोनेरी वर आलं, पिकलेल्या गवतासारखं.

पेंटरकाकांनी थिनरच्या डब्याचं झाकण उघडून धरलं. "टाक."

तिने कार्ड डब्यावर धरलं. थिनरच्या वाफेने डोळे चुरचुरत होते. तिला आठवला तो भाऊ, खिशावर हात दाबून धरत गेटातून बाहेर जाणारा. लाल कार्ड पाच दिवस खारूकडे होतं. पाच दिवस ते काचेपलीकडे चमकत होतं. एखाद्या हातोडीचं काम होतं फक्त.

"टाक, पोरी. आपली सुटली ना सुखरूप? मग झालं."

"टाकते," ती म्हणाली. "जरा सुकू दे." आणि एप्रन काढताना तिने ते पर्समध्ये सरकवलं.

त्यानंतर सकाळ-दुपार तिची नजर रस्त्यावर असायची. सोनेरी गाड्या एरवी दिसायच्या नाहीत, आता दिसायला लागल्या. एक सिग्नलला, गडद निघाली. एक औषधांच्या दुकानापुढे, कण जाडे. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बालवाडीतून खारूला घेऊन बाहेर पडली, आणि फाटकाच्या पलीकडे, झाडाच्या विरळ सावलीत, एक गाडी उभी होती. फिकट सोनेरी. रिकामी. कुणाची तरी आई पोराला घ्यायला आत गेली असणार. फाटकापाशी अजून गर्दी होती.

तिने चालता चालता कार्ड काढलं आणि मागच्या दाराला टेकवलं, कुणी आधारासाठी हात टेकवावा तसं.

कार्ड हरवलं.

काचेतून आतली बेबी सीट दिसत होती. पट्ट्यात अडकलेला बिस्किटाचा चुरा, खाली एक मोजा, उलटा.

हाक मारावी. त्या बाईला सांगावं. काय सांगणार? नवऱ्याला सांगितलं होतं की. त्याने कुठे मानलं? तिने मागे बघितलं. फाटकातून एक बाई मुलाचं बोट धरून येत होती, मूल बुटाची नाडी दाखवत होतं, बाई वाकत होती. दोन मिनिटं. फार तर तीन.

हातोडी मामांना परत करायची राहून गेली होती. राहून गेली, असं ती स्वतःला म्हणायची. पर्स उगाच जड नव्हती इतके दिवस.

तिने चेन उघडली. खारूने आपला हात तिच्या हातातून सोडवून घेतला, शहाण्या मुलीसारखी दहा पावलं मागे गेली आणि भिंतीच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

"आई," तिने विचारलं, "मी मोजू?"